मंगळवारचं पाणी

धायरीच्या चौकात मिस्त्रींचा फ्लेक्स लागलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मिस्त्रींचा फोटो जेवणाच्या ताटलीएवढा आणि त्यांच्या डोक्यावर दादांचा, हात जोडलेला, तो ट्रकच्या चाकाएवढा. खाली ओळ आहे, 'आमच्या परिवाराचा आधारस्तंभ हरपला'. शोकाकुलांच्या यादीत दादांच्या मेव्हण्यांचं नाव आहे, जाड अक्षरात.

मी स्कूटर बाजूला घेतली आणि अख्खा फ्लेक्स वाचला. हेल्मेटच्या आत जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

दादा म्हणजे माझे पूर्वीचे मालक. धायरीतलेच, जुन्या गावातले. वडिलांच्या शेतावर त्यांनी ट्रकांचं यार्ड केलं, चौदा गाड्या घेतल्या, आणि आता वॉर्डात उभं राहायचं डोक्यात आहे, म्हणून ओळखीतला कुणीही गेला की फ्लेक्स लागतो. या आधारस्तंभाला त्यांनी स्वतः यार्डातून घालवलं होतं, एका खोट्या कागदावर. तो कागद मी टाइप केला होता. म्हणून हे लिहिते आहे. श्रद्धांजली म्हणून नाही. ती चौकात लागलीच आहे.

फोटोत मिस्त्री मान वर करून कुठेतरी बघताहेत. लोकांना वाटेल, देवाकडे. त्यांच्या उजव्या हातात काचेचा ग्लास होता, ग्लासात डिझेल होतं, आणि ते उन्हाकडे धरून त्यात पाणी किती आहे ते बघत होते. फ्लेक्सवाल्याने ग्लास कापला. मनगटापर्यंतचा हात राहिलाय, आशीर्वाद दिल्यासारखा. मिस्त्रींनी आयुष्यात कुणाला आशीर्वाद दिला असेल असं मला तरी वाटत नाही.

मला दिला नाही. मला पहिल्या दिवशी त्यांनी दिला तो तसलाच एक ग्लास.

मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा वाशीमकडून पुण्यात आले आणि मार्केट यार्डात हमाली करत राहिले. त्यांना सही येते, पण ती काढताना त्यांची जीभ बाहेर येते. माझी सही मी अकरावीत बसवली, वहीची मागची पानं भरून. हे सगळं मी सांगते कारण मला सांगायला आवडतं, आणि पुढे त्या सहीचं काम आहे.

तर पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला, इस्त्रीचा ड्रेस, गळ्यात 'फ्लीट ऑफिसर' असं कार्ड, अशी मी यार्डात उभी. समोरून एक सडपातळ म्हातारे गृहस्थ आले. खाकी पँट, पांढरा फुल शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, खिशाला पेन. शर्टावर एक डाग नाही. मला वाटलं हेडक्लार्क असतील. त्यांनी माझ्या हातात चहाचा काचेचा ग्लास दिला. आत पिवळसर काहीतरी, तळाशी वेगळी रेघ.

"तुम्ही बीएस्सी ना?"

"हो."

"मग सांगा, यातलं पाणी कुठलं आणि डिझेल कुठलं."

"खालचं पाणी. पाण्याची घनता जास्त असते, त्यामुळे ते..."

"बरं झालं," ते म्हणाले. "फी वाया नाही गेली."

ग्लास परत घेऊन ते चालते झाले. पाच-सहा ड्रायव्हर हसले. तो राग मला संध्याकाळपर्यंत पुरला.

मिस्त्री खडकीत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. तिथेच स्टेशनजवळ राहायचे आणि रोज सकाळी तिथून धायरीला स्कूटरवर यायचे, म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. यार्डात सगळ्यांच्या आधी. आल्यावर पहिलं काम, फिल्टरमधलं पाणी काढणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डिझेलमध्ये थोडंफार पाणी येतंच. ते इंजिनात जाऊ नये म्हणून ट्रकला फिल्टर असतो, फिल्टरच्या खाली वाटी, वाटीच्या बुडाला प्लास्टिकचा छोटा बोल्ट. पाणी जड, ते रात्रभरात खाली बसतं. सकाळी बोल्ट दोन आटे सैल करायचा, वरचा हातपंप चार-पाच वेळा दाबायचा. आधी पाणी येतं, मग डिझेल. निव्वळ डिझेल यायला लागलं की बोल्ट बंद, आणि हातपंप कडक लागेपर्यंत मारायचा, म्हणजे आत शिरलेली हवा निघून जाते. पाच मिनिटांचं काम. बाकीच्या यार्डांत ते महिन्यातून एकदा होतं, कुठे होतही नाही. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर ड्रायव्हर त्यावर बायकोची टिकली चिकटवतो आणि गाणी लावतो.

मिस्त्री ते रोज करायचे. चौदाही गाड्यांचं. आणि ते होईपर्यंत कुणी सेल्फ मारायचा नाही. सगळ्या किल्ल्या त्यांच्या शेडमध्ये खिळ्यांना टांगलेल्या. पाणी काढलं, ग्लास उन्हात धरला, समाधान झालं, की मग किल्ली. शहरात जड गाड्यांना बंदी लागायच्या आत निघायची ड्रायव्हरांची घाई असायची, त्यामुळे रोज सकाळी शेडच्या दारात हे चालायचं :

"ओ मिस्तरी, आमच्या म्हातारीला मोकळी केली का न्हाय अजून?"

"म्हातारीला घाई नाही. तुम्हाला दिसतेय. तुम्ही जाऊन या."

ते सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे. ड्रायव्हरला, चहावाल्याला, मला, यार्डातल्या कुत्र्यालाही. कुत्रं गाडीखाली झोपलेलं असलं तर वाकून म्हणायचे, "अहो, सरका." आणि ते सरकायचं. राग आला की आणखी अदबीने बोलायचे. "आपण" सुरू झालं की ड्रायव्हर पळायचे.

डिझेलसाठी त्यांचे सात ग्लास होते, काठाला लाल रंग लावलेले. एकदा इन्शुरन्सचे कुणी साहेब आले, त्यांनी त्यातला एक उचलून चहावाल्यापुढे धरला. मिस्त्रींनी तो हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "आपल्याला काही होणार नाही. माझा ग्लास खराब होईल."

पहिला महिना त्यांनी मला ऑफिसात बसूच दिलं नाही. "ज्याच्यावर सही करणार ते करून बघा." ओढणी कमरेला बांधून मी रोज गाड्यांखाली. बोल्ट घट्ट करायला पाना उचलला की अंगावर यायचे. "हाताने. प्लास्टिक आहे ते. तुमचं त्याच्याशी भांडण आहे का?" एकदा मी पाणी काढलं पण हवा काढायची राहिली. गाडी गेटात जाऊन आचके देत बंद पडली, मागे नऊ गाड्या हॉर्न वाजवताहेत. मिस्त्री शांतपणे चालत गेटापर्यंत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबा हो जरा. मॅडमना फर्स्ट क्लास आहे, हे त्या हवेला माहीत नव्हतं."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण त्यानंतर माझ्या हातून कुठल्याही गाडीने हवा घेतली नाही.

तो फ्लेक्सवरचा फोटो नव्या ट्रकच्या पूजेचा आहे. दादांनी चौदावी गाडी म्हणून थंड पेटीचा ट्रक घेतला होता, औषधं नेण्यासाठी. एका औषध कंपनीचं काम मिळालं होतं, मोठं. मांडव, गुरुजी, पाहुणे, वहिनींच्या हातात आरती. मुहूर्त भरत आला आणि किल्ली मिळेना. किल्ली मिस्त्रींकडे. ते नव्या ट्रकखाली.

दादा वाकून म्हणाले, "मिस्तरी, नवी हाय ओ ती! काल शोरूमातनं आणलीय!"

"नवी असली म्हणून काय झालं. डिझेल कुठे नवं आहे?"

गुरुजी घड्याळाकडे बघताहेत. मिस्त्री बाहेर आले, ग्लास उन्हात धरला, पूर्ण एक मिनिट. तळाशी मुगाएवढा पाण्याचा थेंब होता. तो त्यांनी आधी दादांना दाखवला, मग वहिनींना, मग गुरुजींना. मग किल्ली दिली. दादा हसले त्या दिवशी. पुढे सहा महिने आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या मिस्तरीनं मुहूर्त थांबवला, पर पानी सोडलं न्हाय." तेव्हा कौतुक होतं. मुगाएवढंच होतं ना.

मग उन्हाळ्यात दादांनी यार्डात काँक्रीट घातलं. काम मेव्हण्यांना दिलं. मेव्हण्यांनी उतार काढला तो उलटा, आणि आमची डिझेलची जमिनीतली टाकी, जिच्यातून चौदाही गाड्या भरायच्या, तिचं झाकण आलं नेमकं सगळ्यात खोलगट जागी. पाऊस लागल्यावर त्यावर तळं साचायला लागलं. झाकणाखालचं रबरी गॅस्केट नवं बसवलं, प्लास्टिक बांधलं, काही उपयोग नाही. पाणी आत जात होतं.

मिस्त्रींना ते पहिल्या आठवड्यात कळलं. एरवी ते ग्लासातलं फेकून द्यायचे. आता रोजचं पाणी दारूच्या रिकाम्या क्वार्टरच्या बाटल्यांत भरून ठेवायला लागले. बाटलीला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर गाडीचा नंबर. शेडच्या खिडकीत रांग लागली. थेंबाचं बोट झालं, बोटाची दोन बोटं. ते तीनदा दादांकडे गेले. तिसऱ्यांदा मी केबिनमध्येच होते.

"दादा, टाकीचं झाकण वर उचलून घ्यावं लागेल. त्यासाठी तिथलं काँक्रीट फोडावं लागेल."

"आत्ता घातलंय, मिस्तरी. मेव्हणा काय म्हनंल?"

"ते काय म्हणतील ते आपण ऐकून घ्यावं. इंजिन ऐकून घेणार नाही."

दादांनी पुढची फाइल ओढली. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी मिस्त्री जरा जास्तच वाटले.

मग तो मंगळवार आला. मिस्त्रींच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि माझ्या आठवणीतली ती त्यांची एकमेव रजा. आदल्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देऊन म्हणाले, "चौदा आहेत. तेरा करून दमू नका." चौदाही केल्या. चौदाही वेळा ग्लासात एकसारखं पाणी, जवळजवळ एकाच रेघेवर. एखाद्या गाडीत असतं तर गाडीचा दोष. चौदांत सारखं म्हणजे टाकी. हे कळायला डिग्री लागत नाही, पण माझ्याकडे होती. पाण्याला लागलं की लाल होणारी एक पेस्ट मिळते, ती मी दुपारी बाजारातून आणली, टाकीत उतरवायच्या पट्टीला लावली, पट्टी तळाला टेकवून वर काढली. एक वीतभर लाल. ती पट्टी तशीच घेऊन मी दादांच्या टेबलासमोर उभी राहिले.

दादांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "मॅडम, खाली टपटप पडतंय. पुसून घ्या."

गुरुवारी सकाळी मिस्त्रींनी थंड पेटीच्या गाडीचं पाणी काढलं. ग्लास भरला. पूर्ण. एका रात्रीत. त्यांनी किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "ही जाणार नाही. हिची डिझेलची टाकी उतरवून धुवावी लागेल." आत औषधं भरलेली. दादा स्वतः शेडमध्ये आले. मिस्त्रींच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि ड्रायव्हरकडे फेकली. त्या खिळ्याला मिस्त्रींखेरीज कुणी हात लावलेला मी तोवर बघितला नव्हता.

गाडी घाट चढताना बंद पडली. इंजिन बंद म्हणजे पेटीचं थंड करणंही बंद. नेमका पाऊस उघडलेला, दुपारभर उन्हात उभी. औषधांचा अख्खा माल फेकावा लागला. माणसाला काही झालं नाही, हे ड्रायव्हरचं नशीब.

शुक्रवारी दादांनी मला केबिनमध्ये घेतलं.

"कंपनीला कारन पायजे. लेखी. लिहा, मेकॅनिकनं पंधरा दिस फिल्टरचं पानी काढलंच न्हाय, म्हनून ग्लासभर पानी साचलं."

"दादा, ते रोज काढतात. काल तर माझ्यासमोर काढलं. किल्ली तुम्हीच..."

"मी काय केलं ते मला म्हाईत हाय." मग आवाज खाली आला. "तुझा बाप माझ्याम्होरं हात जोडून उभा होता, पोरीला चिकटवा म्हनून. इसरलीस?"

विसरले नव्हते. बाबा तेव्हा पांढरा शर्ट घालून आले होते, जो ते फक्त लग्नाला घालतात. मला केबिनमधून उठून जाता आलं असतं. हे मी कुणी समजून घ्यावं म्हणून लिहीत नाही. उठले नाही. टाइप केलं. माझं इंग्रजी चांगलं आहे. तो कागदही चांगला झाला. खाली माझी सही, बसवलेली, वळणदार.

मिस्त्रींना बोलावलं. लष्कराची इंग्रजी पुस्तकं वाचून गाड्या दुरुस्त केलेला माणूस तो. एकेका शब्दाखाली बोट ठेवत त्यांनी पूर्ण पान वाचलं. दादा फोनवर बोलल्यासारखं करत होते.

"कुणी लिहिलं हे?"

"मी."

"चूक आहे."

मला वाटलं, आता हा माणूस कागद फाडेल, टेबल उलटं करेल, 'आपण' 'आपण' म्हणत दादांची सालं काढेल. मी मनातल्या मनात म्हणत होते, फाडा, फाडा.

त्यांनी खिशाचं पेन काढलं. "पंधरा दिवस पाणी काढलं नाही म्हणताय आणि साचलं ग्लासभर म्हणताय. अहो, आपल्या टाकीचं डिझेल असताना पंधरा दिवस काढलं नसतं, तर गाडी गेटाबाहेर गेली नसती. ग्लासभर एका रात्रीचं आहे." त्यांनी 'पंधरा दिवस' खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात, इंग्रजीतच, 'एका रात्रीत' असं लिहिलं. "खोटं लिहायचं तर मोजमाप तरी खरं लिहा."

"एक रात्र तर एक रात्र," दादा म्हणाले. "काढलं न्हाय येवढं ऱ्हाऊ द्या. करा सही. आन् उद्यापासनं आराम करा आता, वय झालं."

मिस्त्रींनी खाली काहीतरी लिहिलं, सही केली, पेनाला टोपण लावलं. शेडमध्ये जाऊन सातही ग्लास धुतले, फडक्याने पुसले, पालथे घातले. किल्ल्या आणून दादांच्या टेबलावर गाड्यांच्या नंबरांप्रमाणे ओळीने ठेवल्या. कुत्रं त्यांच्या स्कूटरच्या सावलीत पसरलं होतं. "अहो, सरका," त्याला म्हणाले.

मी धावत गेले. "का केलीत सही? का?"

"तुम्ही का टाइप केलंत?"

एवढंच. गेले.

चार दिवसांनी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला, माझ्याच टेबलावर. "मॅडम, तुमचा रिपोर्ट वाचला. एका रात्रीत फिल्टरमध्ये ग्लासभर पाणी? तुम्ही टाकी तपासलीत का? आणि मेकॅनिकच्या सहीवर मराठीत 'वाचले' असं लिहिलंय. मान्य आहे असं नाही. हे काय आहे?"

मी फाइल उघडली. पहिल्यांदाच नीट बघितलं. 'वाचले.' खाली सही. त्या दिवशी त्यांच्या सहीकडे बघायची माझी हिंमत झाली नव्हती, आणि दादांना खाली सही दिसली एवढंच पुरेसं होतं.

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "टायपिंग मिष्टेक झाली म्हनून कळवा. पंधरा दिसच होतं म्हनावं. तुमच्या सहीनं."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाला गोड शेवटाची आशा नको. मी 'मिष्टेक' कळवली नाही. जे कळवलं ते वाचून इंजिनिअर आला आणि तडक टाकीवर गेला. काम हातचं जाऊ नये म्हणून दादांनी काँक्रीट फोडलं. मेव्हण्यांनीच फोडलं आणि मेव्हण्यांनीच परत घातलं. कंपनीने मिस्त्रींचं नाव त्या प्रकरणातून काढलं, तसं पत्र त्यांच्या घरी गेलं. मी म्हटलं, आता त्यांना बोलवा. दादा म्हणाले, "सही केलीय की त्यांनी." महिन्याभरात मीही सोडलं. आता चाकणला असते, माझ्या हाताखाली साठ गाड्या आहेत आणि सगळ्यांचं पाणी रोज निघतं. लोक मला विक्षिप्त म्हणतात. म्हणू देत.

पण मला सांगायचीय ती त्या फोनच्या दिवशीची दुपार.

दादा 'मिष्टेक' म्हणाले तेव्हा मी हाफ डे टाकला, घरी जाऊन दोन पानी पत्र हाताने लिहिलं, इंजिनिअरच्या नावे, आणि खडकीला गेले. सगळं लिहिलं होतं. उलटा उतार, झाकण, वीतभर लाल पट्टी, खिळ्यावरून उचललेली किल्ली. मिस्त्रींची खोली स्टेशनमागच्या गल्लीत. दारात तेच, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. घरातसुद्धा.

"या," म्हणाले. "पत्ता कुणी दिला?"

आत काकू बसल्या होत्या, ऑपरेशनचा काळा चष्मा लावून. "अहो, पोरगी उन्हातून आलीय. पाणी तरी द्या."

त्यांनी ग्लास आणून दिला. मी नकळत तो खिडकीकडे धरला.

"घरातला आहे," मिस्त्री म्हणाले. "प्या."

मी पत्र दिलं. तसंच, बोट फिरवत, ते वाचायला लागले. पहिलं पान झालं. मला वाटत होतं, हा माणूस आता काहीतरी बोलेल. बरं झालं आलात, असं काही. दुसऱ्या पानावर मध्येच बोट थांबलं.

"चूक आहे."

"काय चूक आहे?"

"'मिस्त्री रोज, एकही दिवस न चुकता, पाणी काढत असत.' मंगळवारी मी नव्हतो."

"मंगळवारचा काय संबंध? गाडी गुरुवारी बंद पडली!"

"संबंध आहे असं मी कुठे म्हणतोय. नव्हतो, तर नव्हतो."

"अहो, दादा तेवढंच धरून बसतील! म्हणतील मेकॅनिक नव्हता, ऑफिसातल्या पोरीने फिल्टरला हात घातला, तिनेच वाट लावली. सगळं माझ्यावर येईल."

"येईल."

मग मात्र माझा तोल गेला. त्यांच्या घरात, आजारी बाईसमोर, मी ओरडले. म्हटलं, तुमच्यासाठी मी नोकरीवर पाणी सोडून आले आणि तुम्ही शाळामास्तरासारखे चुका काढताय. खोट्या कागदावर सही करताना बरे गप्प बसलात. एक शब्द बोलला असतात दादांना तर मी पण उभी राहिले असते. माझ्याकडून ते टाइप करवून घेतलंत तुम्ही. हो, तुम्हीच. माझी पहिली मोठी सही त्या घाणीखाली आहे, आणि बाबांनी ती डिग्री भिंतीवर लावलीय.

काकू म्हणाल्या, "अहो, कशाला छळताय तिला?"

"छळत नाही. वाचतोय." मग माझ्याकडे वळले. "मंगळवारी पाणी काढलं होतंत?"

"हो."

"चौदाही गाड्यांचं?"

"चौदाही."

"हवा काढली होती?"

"काढली होती! एकही गाडी बंद पडली नाही त्या दिवशी. विचारा कुणालाही."

"मग लिहायला काय होतंय?"

त्यांनी पेन पुढे केलं. मला त्या क्षणी त्या माणसाचा जेवढा राग आला तेवढा दादांचाही कधी आला नव्हता. मी पेन हिसकावून घेतलं. 'एकही दिवस न चुकता' खोडलं. समासात लिहिलं, 'मंगळवारी मिस्त्री रजेवर होते. त्या दिवशी चौदाही गाड्यांचं पाणी मी काढलं.' इतकं दाबून लिहिलं की अक्षरं मागच्या बाजूला उठली. खाली सही केली. ती काही वळणदार आली नाही.

मिस्त्रींनी ते परत वाचलं, बोट फिरवत. कागद माझ्या हातात दिला. मी घडी करून पर्समध्ये टाकला, चपला घातल्या. जिन्यात पोचले तर मागून हाक आली.

"अहो मॅडम."

मला वाटलं, आता. मी वळले.

"पेन," ते म्हणाले.